न सापडणं आणि नसणं : जीबीएस या आजाराचा इतिहास



या मालेत आम्ही आजवर प्रमाणशास्त्रावर बोलत आलो. आपल्याला एखादी गोष्ट कळते म्हणजे काय होतं, आणि ती खरंच कळली आहे हे कशावरून ठरवायचं, हा आमचा आयुष्यभराचा विषय. त्यामुळे आज एका आजाराचं नाव पाहून काहींच्या भुवया उंचावल्या. एका सद्गृहस्थांनी दारातच विचारलं, "सर, तुम्ही डॉक्टर आहात, पण ते डॉक्टर नव्हे ना?" त्यांचं बरोबर आहे. आमची डॉक्टरकी तत्त्वज्ञानातली. तेव्हा आज इथे कुणालाही औषध सांगितलं जाणार नाही. सांगायचा आहे तो इतिहास, आणि तोही एका प्रश्नाच्या अंगाने. प्रश्न असा, की एखादी गोष्ट शोधूनही सापडली नाही, तर ती नाहीच असं केव्हा म्हणता येतं?

या प्रश्नासाठी हाच आजार का घेतला? 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जे घडलं ते आपल्या आठवणीत ताजं आहे. चांगली हिंडती-फिरती माणसं. आधी जुलाब, पोटदुखी. मग काही दिवसांनी पायांना मुंग्या, जिना चढवेना, मग उठवेना. काहींना श्वास घेता येईना. बघता बघता रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, दहाहून जास्त माणसं दगावली. या आजाराचं फ्रेंच नाव वर्तमानपत्रांत तीन-चार तऱ्हांनी छापून आलं. आम्ही गियाँ-बारे म्हणतो, पण आपण सगळ्यांनी उचललेला शब्द 'जीबीएस', तोच आज वापरू.

आधी आजार थोडक्यात समजून घेऊ. आपल्या शरीरात रोगांशी लढणारी यंत्रणा आहे. तिने बाहेरून आलेल्या जंतूला ओळखायचं आणि मारायचं. जीबीएसमध्ये ही यंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. वायरीवर जसं प्लॅस्टिकचं वेष्टण असतं तसं बऱ्याचशा मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं. कधी ते वेष्टण खराब होतं, कधी आतली तारच. मेंदू ठीक असतो, स्नायूही मुळात ठीक असतात, पण मधला निरोप पोचत नाही. लाखात वर्षाला साधारण एक ते दोन माणसांना हा आजार होतो, म्हणजे तसा विरळाच. बहुतेकांचा अशक्तपणा दोन आठवड्यांत, आणि जवळजवळ सगळ्यांचा चार आठवड्यांच्या आत कळसाला पोचतो. मग थांबतो, आणि हळूहळू उतरणीला लागतो.

आता इतिहासाकडे वळू.

1859 साली पॅरिसमध्ये झाँ-बातिस्त ऑक्ताव्ह लाँद्री नावाच्या डॉक्टरने दहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. अशक्तपणा पायांपासून सुरू होऊन वर चढतो, म्हणून त्याने याला 'चढता तीव्र पक्षाघात' म्हटलं. दहापैकी दोघे गेले. त्यातल्या एकाचं शवविच्छेदन झालं. हातपाय गेले, श्वास गेला, माणूस मेला. म्हणजे मज्जारज्जूत केवढा तरी बिघाड दिसायला हवा. दिसलं काहीच नाही.

इथे एक वाट फुटते, आणि पुष्कळ मोठमोठी माणसं चुकीच्या वाटेने गेली. पुढे कित्येक वर्षं 'लाँद्रीचा पक्षाघात' म्हणजे ज्यात काहीही सापडत नाही असा पक्षाघात, अशीच समजूत होऊन बसली. न सापडणं हीच व्याख्या! पण पाचच वर्षांनी, 1864 मध्ये, रुआँ गावच्या लुई द्युमेनील या डॉक्टरने अशाच एका रुग्णाच्या हातापायांतल्या मज्जातंतूंमध्ये बिघाड दाखवला. म्हणजे बिघाड होता, पण लोक तो पाठीच्या कण्यात शोधत होते. अंगणात हरवलेली सुई माजघरात दिव्याजवळ शोधण्यातला प्रकार. माजघरात सापडली नाही एवढ्यावरून ती हरवलीच नव्हती असं कुणी म्हणेल का?

लाँद्री पुढे फार जगला नाही. 1865 च्या पटकीच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता त्यालाच पटकी झाली आणि तो गेला. चाळिशीही गाठली नव्हती.

इथे आपल्या मीमांसकांची आठवण काढायला हवी. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती एक वेगळं प्रमाण मानतात, अनुपलब्धी. टेबलावर घडा नाही हे मला कसं कळतं? घडा दिसत नाही यावरून. नैयायिक म्हणतात, यासाठी वेगळं प्रमाण कशाला, प्रत्यक्षानेच अभाव कळतो. तो वाद आपण बाजूला ठेवू. पण या मंडळींनी त्यात एक अट घातली, ती फार मोलाची आहे. अनुपलब्धी 'योग्य' हवी. म्हणजे घडा असता तर तो मला दिसला असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, मी योग्य खोलीत उभा असायला हवा. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही याला काडीची किंमत नाही. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही अट न्या.

आता 1916. पहिलं महायुद्ध चालू आहे, सोमच्या लढाईचं वर्ष. फ्रान्सच्या सहाव्या सैन्याच्या मज्जासंस्था-विभागात जॉर्ज गियाँ आणि झाँ-अलेक्झांद्र बारे हे दोन डॉक्टर काम करतात. आंद्रे स्त्रोल हा तिसरा. त्यांच्याकडे दोन सैनिक आले. हातापायांत मुंग्या, ताकद गेलेली. एक जण पाठीवर आपलं ओझं चढवायला गेला तो कोलमडलाच, त्याला उठता येईना. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही. स्त्रोलने त्या प्रतिक्रियांचे आलेख काढले.

युद्धाच्या पंचवीस वर्षं आधी, 1891 मध्ये, जर्मनीत हाइनरिश क्विंके याने कमरेच्या मणक्यांमध्ये सुई घालून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढायची रीत बसवली होती. आपल्याकडे लोक 'पाठीतलं पाणी काढणं' म्हणतात ते हेच. अजूनही त्याची भीती आहे, 'त्यानेच माणूस लुळा पडतो' असा समज खेड्यांतच नाही, शहरांतही ऐकू येतो. तो खोटा आहे. माणूस लुळा पडू लागलेला असतो म्हणून पाणी काढतात; पाणी काढल्यामुळे लुळा पडत नाही.

तर या दोघांचं पाणी काढलं. त्यात प्रथिनाचं प्रमाण खूप वाढलेलं होतं. त्या काळी अशा वेळी डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा काय येई? उपदंश, क्षय, पोलिओ. या सगळ्यांत पाण्यात पांढऱ्या पेशींची गर्दी होते. इथे प्रथिन भरपूर आणि पेशी जवळजवळ नाहीत. गियाँ, बारे आणि स्त्रोल यांचा सगळा शोध या 'नाहीत'मध्ये आहे. त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच ते घातलं : पेशींच्या प्रतिक्रियेविना प्रथिनवाढ. आणि हे न सापडणं योग्य होतं, कारण सूक्ष्मदर्शक होता, मोजण्याची रीत होती, पेशी असत्या तर दिसल्याच असत्या. लाँद्रीच्या वेळचं 'काही दिसलं नाही' आणि 1916 चं 'पेशी दिसल्या नाहीत' ही वाक्यं कानाला सारखी लागतात, पण ज्ञान म्हणून त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

ते दोन्ही सैनिक सुधारले. आणि इथेच गियाँची दुसरी, उलट दिशेची चूक सुरू झाली. हा आजार सौम्य, यात माणूस बरा होतो, हे त्याने जणू तत्त्वच करून टाकलं. पुढची कितीतरी वर्षं तो म्हणत राहिला, लाँद्रीचा आजार वेगळा, त्यात माणसं मरतात; आमचा वेगळा. आणि पाण्यात ते लक्षण नसेल तर तो आमचा आजारच नव्हे. 1927 मध्ये द्रागानेस्कु आणि क्लोदियाँ यांच्या निबंधात 'गियाँ-बारे' हे नाव आलं. त्यात स्त्रोल गळाला तो गळालाच, आणि लाँद्री तर आधीच बाहेर. 1949 मध्ये अमेरिकेत हेमेकर आणि कर्नोहन यांनी 50 मृत रुग्णांचा अभ्यास मांडून सांगितलं, की हे दोन आजार नाहीत, एकच आहे. कधी सौम्य, कधी मारक.

पाण्यातल्या लक्षणाचा हट्ट किती महाग पडू शकतो याचा एक अनुभव आमच्या घराजवळचा आहे. 1986 ची गोष्ट. आमच्या महाविद्यालयात गणिताचे एक सहकारी होते. भला, हसरा माणूस. एके सोमवारी फळ्यावर लिहिताना हातातला खडू दोनदा पडला. मंगळवारी जिना चढताना कठड्याला धरून चढले. बुधवारी एका रुग्णालयात दाखल केलं. तिथल्या डॉक्टरांना शंका आली होती, नाही असं नाही. पाठीतलं पाणी काढलं. रिपोर्ट नॉर्मल. मग सूर बदलला. "रिपोर्टमध्ये काही नाही. परीक्षांचं टेन्शन असेल. विश्रांती घ्या." वहिनींना बाजूला घेऊन घरात काही भांडण झालंय का, असंही विचारलं गेलं. शनिवारी त्यांना पाणी गिळता येईना आणि रविवारी पहाटे श्वास अपुरा पडू लागला. आम्ही तिघा-चौघांनी मिळून त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवलं. पाऊण तास उशीर झाला असता तर आज ही गोष्ट वेगळी सांगावी लागली असती.

आता आपल्या अटीकडे परत या. पहिल्या आठवड्यात पुष्कळ रुग्णांच्या पाण्यातलं प्रथिन वाढलेलंच नसतं. ते वाढायला दिवस लागतात. मज्जातंतूंमधून विजेचा निरोप कसा जातो ही तपासणी, जिला एनसीव्ही म्हणतात, तीसुद्धा सुरुवातीला साधी निघू शकते. म्हणजे तिसऱ्या दिवशीचं 'सापडलं नाही' ही अंधाऱ्या खोलीतली अनुपलब्धी होती. पेशी नाहीत, या नसण्याला अर्थ होता. प्रथिन वाढलं नाही, या नसण्याला अजून अर्थ आला नव्हता. कागद एकच, त्याच्यावरचे आकडे दोन, आणि दोघांचं वजन वेगळं. आजचे जाणते डॉक्टर आधी रुग्णाकडे बघतात : दोन्ही बाजूंचा वाढता अशक्तपणा, हातोडीला उत्तर न देणारे गुडघे, आधीच्या काही आठवड्यांत झालेले जुलाब किंवा ताप. कागद त्याला दुजोरा देतो, कागदावरून माणूस खोटा ठरवत नाहीत.

बरं, हे स्वतःवर उलटणं कळलं कसं? 1955 मध्ये वॅक्समन आणि अ‍ॅडम्स यांनी सशांना मज्जातंतूंचा अर्क टोचला. साधारण दोन आठवड्यांनी ससे लुळे पडू लागले, आणि त्यांच्या मज्जातंतूंचं चित्र माणसातल्या या आजारासारखंच निघालं. 1969 मध्ये अ‍ॅसबरी, आर्नसन आणि अ‍ॅडम्स यांनी 19 मृत रुग्णांच्या मज्जातंतूंत रोगप्रतिकारक पेशींची घुसखोरी दाखवली.

आणि मंडळी, हा सशांचा प्रयोग आपल्या देशात माणसांवर, नकळत, कित्येक दशकं चालू होता. पिसाळलेलं कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, हे आपल्या पिढीतल्या कुणाला सांगायला नको. ती सेंपल लस. कसौलीला डेव्हिड सेंपल याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती तयार केली, आणि ती मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. तिने असंख्य जीव वाचवले, कारण रेबीज झाला की माणूस वाचत नाही. पण टोचला जात होता तो परक्या प्राण्याचा मज्जापदार्थ, आणि काही थोड्या लोकांची प्रतिकारशक्ती त्यावर चिडून स्वतःच्या मज्जासंस्थेवर घसरे. त्यात मेंदूचा दाह होई, मज्जारज्जूचा होई, आणि जीबीएससुद्धा. ही लस भारतात 2004 च्या अखेरीला बंद झाली.

लशीचा विषय निघालाच आहे तर 1976 ही सांगायला हवं. अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या भीतीने चार कोटींहून जास्त लोकांना लस दिली. नंतर जीबीएसचे रुग्ण वाढल्याचं लक्षात आलं आणि डिसेंबरात मोहीम थांबवली. जास्तीचा धोका लाखात साधारण एकाचा निघाला. विचार करा, हजार माणसांवर लस तपासली असती तर हा धोका दिसला असता का? नसता. दहा हजारांवरही बहुधा नसता. तेव्हा 'चाचणीत काही दुष्परिणाम आढळला नाही' हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न हवा : किती जणांत आढळला नाही? उलट बाजूही तितकीच खरी आहे. लाखात एक एवढा धोका मोठ्या रोगापासून मिळणाऱ्या संरक्षणापुढे किती, हे तोलूनच बोलावं. नुसतं 'लशीने लुळे पडतात' असं मोबाइलवर पुढे ढकलणं हेही त्याच जातीचं अज्ञान.

आता उपचार. इथे एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. आजाराचं कारण कळायच्या आधीच माणसं वाचायला लागली होती. 1952 साली कोपेनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात सुरुवातीच्या काही आठवड्यांत श्वास बंद पडलेल्या 31 रुग्णांपैकी 27 गेले. तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशाला भोक पाडून नळी घातली आणि पिशवी दाबून हाताने श्वास द्यायला लावला. यंत्रं पुरेशी नव्हती. मग सुमारे 1,500 वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, रुग्णाच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याचा जन्म इथला. जीबीएसच्या रुग्णांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला श्वासाचं यंत्र लागतं. हा आजार आपला आपण थांबतो, फक्त तोवर माणूस तगला पाहिजे. म्हणून पहिला उपचार औषधाचा नाही, राखणीचा आहे. श्वास मोजत राहणं, नाडी आणि रक्तदाबावर लक्ष, कूस बदलणं, घशातला कफ काढणं, पायात रक्ताची गाठ होऊ न देणं. नर्सबाईंचं आणि फिजिओथेरपिस्टचं काम. इतिहासात त्यांची नावं नाहीत. तीही अनुपलब्धीच, पण योग्य म्हणता येणार नाही.

मग औषधांचं काय? प्रतिकारशक्ती चिडली आहे, स्टेरॉइड ती शांत करतं, तेव्हा स्टेरॉइड द्या. तर्क किती सरळ आहे! आम्ही वर्गात अनुमान शिकवायचो तेव्हा असंच सरळ शिकवायचो. वर्षानुवर्षं स्टेरॉइड दिलं गेलं आणि रुग्ण बरेही होत होते. पण ते तसेही बरे होत होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ. कावळ्यामुळे फांदी तुटली का हे ठरवायला कावळा न बसलेल्या फांद्याही पाहायला हव्यात. 1978 मध्ये इंग्लंडमध्ये 40 रुग्णांवर अशी तुलना झाली, तर स्टेरॉइड घेणाऱ्यांची स्थिती जरा वाईटच निघाली. 40 म्हणजे फार थोडे, म्हणून शंका राहिली. 1993 मध्ये 242 रुग्णांवर, शिरेतून मोठा डोस देऊन तुलना झाली. फरक नाही. आता हे 'नाही' मानायला हरकत नव्हती. गंमत अशी, की याच आजाराचा एक सख्खा भाऊ आहे, महिनोन्‌महिने चालणारा, सीआयडीपी नावाचा. त्याला स्टेरॉइड लागू पडतं. तिथे चालतं म्हणून इथे चालेल, हा तर्कही म्हणून लंगडा.

जे चाललं ते दोन उपाय. पहिला, रक्तातला द्रव भाग, प्लाझ्मा, काढून बदलणे. त्याबरोबर घातक प्रतिपिंडं निघून जातात. 1985 मध्ये उत्तर अमेरिकेत 245 रुग्णांवर त्याचा फायदा सिद्ध झाला. दुसरा, हजारो निरोगी दात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली प्रतिपिंडं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, शिरेतून देणं. हे औषध 1981 मध्ये बर्नला वेगळ्याच, प्लेटलेट कमी होण्याच्या आजारात मुलांना लागू पडलेलं. 1992 मध्ये नेदरलँड्समध्ये 150 जीबीएस रुग्णांवर ते प्लाझ्मा बदलण्याइतकंच, किंबहुना जरा बरंच ठरलं. ते नेमकं कसं काम करतं याची स्पष्टीकरणं एक नव्हे, चार-पाच आहेत. पण उपयोग होतो हे पक्कं. आमच्यासारख्या माणसाला, ज्याने जन्मभर 'आधी कारण सांगा' असं म्हटलं, ही जरा नमतं घ्यायला लावणारी गोष्ट आहे.

मग कुणालाही वाटेल, दोन्ही एकापाठोपाठ दिले तर दुप्पट गुण येईल. 1997 मध्ये 383 रुग्णांवर पाहिलं, जास्तीचा म्हणावा असा फायदा नाही. एका डोसाने भागलं नाही तर दुसरा? 2021 मध्ये गंभीर रुग्णांवरचा निष्कर्ष आला. फायदा नाही, उलट रक्ताच्या गाठींसारखे त्रास वाढले. हे घरच्यांनी ऐकून ठेवण्यासारखं आहे. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला काहीतरी आणखी करावंसं वाटतं, दागिने गहाण टाकून का होईना आणखी एक कोर्स द्या म्हणतो. साठ किलोच्या माणसाला पाच दिवसांत मिळून 120 ग्रॅम औषध लागतं, म्हणजे पाच ग्रॅमच्या 24 बाटल्या, आणि एकेक बाटली हजारांच्या घरात. त्या माणसाला 'आता थांबायचं आहे, गुण यायला वेळ लागेल' हे शांतपणे सांगणारं कुणीतरी हवं. आपल्या शेजारी बांगलादेशात, ढाक्यात, डॉक्टरांनी महागडं यंत्र न वापरता थोडा थोडा प्लाझ्मा बदलण्याची स्वस्त रीत 20 रुग्णांवर वापरून पाहिली. ती सुरक्षितपणे करता येते असं दिसलं. उपयोग किती, हे मोठ्या तुलनेने ठरायचं आहे. 20 मध्ये काय कळतं आणि काय नाही, हे आता आपण जाणतो.

शेवटचा दुवा जंतूचा. 1980 नंतर जुलाब घडवणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जंतूचं आणि जीबीएसचं नातं दिसू लागलं. 1991 मध्ये चिनी आणि अमेरिकी डॉक्टरांनी उत्तर चीनमधल्या खेड्यांत दर उन्हाळ्यात मुलांना होणाऱ्या लुळेपणाचा अभ्यास मांडला. तिथे वेष्टणाऐवजी आतली तारच बिघडत होती. जपानमध्ये नोबुहिरो युकी यांनी 1990 पासून दाखवत नेलं, की या जंतूच्या अंगावरची साखरेची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या रचनेसारखी असते. 2004 मध्ये जंतूवरचा तो पदार्थ टोचून ससे लुळे पडले, तेव्हा साखळी पुरी झाली. म्हणजे शरीर आंधळेपणाने स्वतःवर उलटत नाही. ते शत्रूला बरोबर ओळखतं, पण शत्रूचा चेहरा घरच्या माणसासारखा असतो.

पुण्यातही काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच जंतू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष विहिरी, टँकर आणि नळाच्या पाण्याकडे गेलं. जीबीएस एकाचा दुसऱ्याला होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. त्या दिवसांत रुग्णाच्या घरच्या कामवाल्या बाईला शेजाऱ्यांनी येऊ दिलं नाही, असं आमच्याच सोसायटीत झालं. पसरतो तो जंतू, आणि तो अशुद्ध पाण्यातून, कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून. या जंतूची बाधा झालेल्या साधारण हजारांत एकालाच जीबीएस होतो. पण याचाच अर्थ असा, की जीबीएसचे बरेच रुग्ण एका ठिकाणी निघतात तेव्हा त्यांच्यामागे जुलाब झालेले हजारो असतात. ते कुणी मोजत नाही. पोलिओच्या काळात आपल्याकडे अचानक लुळं पडलेल्या प्रत्येक मुलाच्या शौचाचे दोन नमुने तपासत. त्या चाळणीत पोलिओ नसलेले जीबीएसचे कितीतरी रुग्ण सापडले. 2014 मध्ये आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला, तो याच बळावर. 'पोलिओ नाही' हे म्हणायला आधी इतकं शोधावं लागलं. योग्य अनुपलब्धी फुकट मिळत नाही. त्यासाठी माणसं, प्रयोगशाळा आणि पैसा लागतो. 'पाण्यात काही सापडलं नाही' असं उद्या कुणी सांगितलं तर विचारायचं : नमुना केव्हा घेतला? क्लोरीन टाकायच्या आधी की नंतर? कुठून घेतला? काय शोधलं?

आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांचं सांगायचं राहिलं. पाच आठवडे ते यंत्रावर होते. हात हलत नव्हते, पापण्यासुद्धा धड मिटत नव्हत्या. दीड वर्षाने काठी घेऊन वर्गात उभे राहिले. सगळ्यांचं असं होत नाही. आजच्या उपचारांनीसुद्धा शंभरातले काही जातात, आणि सहा महिन्यांनंतर सुमारे पाचव्या हिश्शाला आधाराशिवाय चालता येत नाही. बरे झाल्यावर त्यांनी आम्हाला एकच गोष्ट सांगितली. "तुम्ही लोक पलंगाशी उभं राहून 'यांना कळतंय का काही?' असं एकमेकांना विचारायचात. मला सगळं ऐकू येत होतं. मी मनात पाढे म्हणत होतो. सतराचा, एकोणीसचा, तेविसाचा." आम्ही तेव्हा तत्त्वज्ञान शिकवत होतो, अनुपलब्धीवर एक टिपणही लिहिलेलं होतं, आणि रोज संध्याकाळी त्या पलंगाशी उभं राहून, उत्तर येत नाही म्हणून ऐकणारा नाही, असं समजून बोलत होतो. ती चूक कुठल्या रुग्णालयाची नव्हती, आमची होती.

तेव्हा अशा रुग्णाच्या खोलीत जाल तर त्याच्याशी बोला. आज वार कोणता, बाहेर पाऊस आहे का, घरी कोण काय म्हणालं, ते सांगा. आणि घरात कुणाला जुलाबानंतर आठ-पंधरा दिवसांत दोन्ही पायांत मुंग्या आणि अशक्तपणा येऊन तो वाढत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पहिला रिपोर्ट साधा आला तरी रुग्णाचा शब्द खोटा ठरवू नका.

बराच वेळ बोललो. आता पाणी पिऊन बसतो. वैद्यकातले प्रश्न असतील तर आज सभागृहात दोन मज्जातंतूतज्ज्ञ आलेले आहेत, ते त्यांना विचारा. बाकीचे आमच्याकडे येऊ द्या.